गुरुवारी रात्री घंटी वाजलीच नाही

१

शनिवारी पहाटे आर्व्हिला स्टेनरूडच्या घरगाडीत चोरी झाली. सहा दिवसांतली ही पाचवी. दार आतून बंद होतं, काचा शाबूत होत्या आणि खणातले चांदीचे चमचे जागच्या जागी होते. चोरीला गेली होती ती वीज.

ऊन डोंगरावरून खाली उतरेपर्यंत बातमी रिंगणभर झाली. रिंगण म्हणजे सात घरगाड्या. ॲरिझोनाच्या वाळवंटात, एका कोरड्या ओढ्याच्या काठी, दारं आतल्या बाजूला करून गोल उभ्या केलेल्या. उत्तरेत बर्फ पडायला लागला की ही सगळी पेन्शनर मंडळी आपापलं घर चाकांवर घालून इथं येत आणि मार्चपर्यंत इथंच राहत. विजेची तार नाही, नळ नाही. टपावरच्या पॅनेलांनी दिवसा ऊन प्यायचं, बॅटरीत साठवायचं आणि रात्री बेतानं खर्च करायचं, असा संसार. कुणाची बॅटरी संपत आल्याची घंटी वाजली, तर ती रिंगणात सगळ्यांच्याच जिवाला लागायची.

ओलेटा प्रोहास्का कॉफीचे दोन मग घेऊन आर्व्हिलाच्या दारात पोचली, तेव्हा आर्व्हिला घोंगडी पांघरून पायरीवर बसली होती. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई एरवी न्याहारीलासुद्धा कानात मोती घालून येणारी.

"पुन्हा?" ओलेटानं विचारलं.

"पुन्हा. घंटी वाजली, इन्व्हर्टर बसला आणि माझं श्वासाचं यंत्रही बसलं. तोंडावर मुखवटा तसाच, आत हवा नाही. वाटलं, कुणी तरी उशी दाबतंय."

"किती वाजता?"

"सहाला. आधी चारला वाजायची. आज चोर उशिरा उठला म्हणायचा." आर्व्हिलानं हसायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. तिनं फोन पुढे केला. पडद्यावर तिच्या मुलीचा, जोलीनचा निरोप होता : 'उद्या दुपारी पोचते. दोन तिकिटं काढलीत. तुझी खोली तयार आहे. आई, आता वाद नको.'

"कुठली खोली?"

"आयोवात. तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांची इमारत आहे. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो." आर्व्हिला डोंगराकडे बघत राहिली. "ओलेटा, मी इथं सोळा हिवाळे काढले. चौदा हार्लनबरोबर आणि दोन एकटीनं. मला त्या खोलीत जाऊन बसायचं नाहीये गं. पण श्वास कोंडला की मलाही भीती वाटते. पोरीला काय सांगू?"

ओलेटानं नेब्रास्कात एकतीस वर्षं घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले होते. कुत्रे चावले, बर्फात पाय मोडला, पण एकही आकडा तिनं कधी अंदाजे लिहिला नव्हता. माणसं खोटं बोलतात, मीटर बोलत नाही, असं ती म्हणायची. तिनं खिशातून वही काढली.

"पोरीला आत्ता काही सांगू नकोस. मला उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "पाणी कुठं मुरतंय ते मी शोधते."

"वीज म्हण."

"तेच ते. सहा दिवसांत पाच चोऱ्या म्हणालीस. मग एक दिवस कुठला सुटला?"

आर्व्हिलानं बोटं मोजली. "गुरुवारची रात्र. गुरुवारी रात्री घंटी वाजलीच नाही."

२

रिंगणातला ड्वेन फिकेट म्हणजे वायरींचा वैद्य. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यात जन्मभर मासेमारीच्या बोटींची वीजजोडणी केलेली. कुणी बोलवायच्या आत तो पेटी घेऊन हजर व्हायचा आणि बोलणं मात्र अशा थाटात, की बिचाऱ्या बॅटरीलाच अपराधी वाटावं.

"चार वेळा तपासलंय, बाईसाहेब," तो ओलेटाला म्हणाला. "बॅटऱ्या वर्षाच्या आतल्या. जोडण्या घट्ट. टपावर चढून पॅनेलं पुसली, धूळ नाही, सावली नाही. दुपारी बारा वाजता मोजलं, तर गाडीत एक थेंबभर वीजसुद्धा वाया जात नाही. दिवसा सगळं ठणठणीत!"

"वायर उंदरांनी कुरतडलीय का?"

वाळवंटातले उंदीर हा रिंगणाचा पिढीजात वैरी होता. वायरीचं आवरण खायचे, इंजिनात काटे-काटक्या रचून घरटी करायचे. पण उजेडाला भ्यायचे. म्हणून लोक रात्रभर गाडीच्या पोटाखाली दिव्यांची माळ लावून ठेवत.

"उंदीर?" ड्वेन गुरगुरला. "माझ्या राज्यात? अहो, अंधार पडला की सातच्या सात गाड्या खालून उजळतात. गेल्या दोन आठवड्यांत एक शेपूट दिसलं नाही. मी रोज झोपायच्या आधी फेरी मारतो ना."

ओलेटानं सगळं वहीत उतरवलं. मग मान वर न करता विचारलं, "आर्व्हिलाची जागा तुम्हाला आवडते ना हो? त्या झाडाजवळची?"

ड्वेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चार वर्षं मागतोय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारची सावली, सकाळचं ऊन. हार्लननं शोधून काढलेली जागा. पण तिचा श्वास कोंडून मला ती जागा नकोय. मी अडाणी असेन, पण खाटीक नाही."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"वहीत लिहिलंत की! दिसतंय मला." तो जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "त्यापेक्षा त्या नव्या पाहुण्याचं लिहा. मार्सेल. कॅनडाचा. मागच्या रविवारी आला आणि सोमवारी पहाटे पहिली घंटी वाजली. टपावर उगं दप्तराएवढं एक पॅनेल, पण पठ्ठ्या रोज ताजा पाव भाजतो! भट्टीला वीज कुठून येते? या, दाखवतो."

तो ओलेटाला आर्व्हिलाच्या गाडीमागं घेऊन गेला. वाळूत एक नारिंगी वायर पडली होती. मार्सेलच्या गाडीतून निघून, झुडपाला वळसा घालून ती थेट आर्व्हिलाच्या मागच्या चाकापाशी गेली होती.

३

मार्सेल थिबोडो साठीचा, गोल चेहऱ्याचा आणि पिठानं माखलेला होता. क्युबेकमध्ये त्यानं शाळेत भूगोल शिकवला होता. ओलेटा आली तेव्हा तो गाडीमागं उकिडवा बसून एका चकचकीत पेटीकडे प्रेमानं बघत होता. पेटीला चारी बाजूंनी आरसे लावलेले होते आणि काचेखाली एक पाव तांबूस होत होता.

"ही तुमची भट्टी?" ओलेटानं विचारलं.

"काय? लठ्ठ? हो, थोडा झालोय," मार्सेल म्हणाला. मग त्यानं कानातलं यंत्र नीट बसवलं. "माफ करा बाई. काय म्हणालात?"

"भट्टी!"

"हां! उन्हाची पेटी. वीज लागत नाही, गॅस लागत नाही. फक्त धीर लागतो, तो माझ्याकडे भरपूर आहे." त्यानं तिला पावाचा कोपरा तोडून दिला. ओलेटानं तो खाल्ला, आणि संशयिताच्या हातचं खाऊ नये हा नियम आपण आधी का केला नाही, असं तिला वाटलं. आता उशीर झाला होता. पाव फार चांगला होता.

"ही नारिंगी वायर कशाची?"

मार्सेल ओशाळला. "ती गुंडाळायची राहिली. गुरुवारी संध्याकाळी माझं कानातलं यंत्र हरवलं. वाटलं, दोन गाड्यांच्या मधे पडलं असेल. म्हणून मोठा दिवा वायरीवर लांबवला, त्या बाईंच्या गाडीमागं तिवईवर ठेवला आणि वाळू चाळत बसलो. दमलो, म्हणून जरा आत टेकलो, तर सकाळच झाली. दिवा रात्रभर जळत राहिला. माझी बॅटरी सपाट. ते ड्वेनसाहेब म्हणे दहा वाजता दार बडवत होते, उजेडानं झोप येत नाही म्हणून."

"मग उघडलं का नाही?"

"ऐकू कसं येणार? यंत्र हरवलं होतं ना!"

ओलेटाला हसू आवरेना. "मिळालं कुठं?"

"एप्रनच्या खिशात."

ओलेटानं वायर उचलून तिचं दुसरं टोक पाहिलं. ते मोकळंच होतं, दिवा जोडायची खोबण तशीच लटकत होती. शिवाय घंट्या सोमवारी सुरू झाल्या होत्या आणि वायर पडली गुरुवारी. ज्या रात्री चोरानं वायर टाकली, नेमकी त्याच रात्री चोरी झाली नाही. असा चोर तिनं एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

ती चार पावलं चालली आणि थबकली. गुरुवारी रात्री आर्व्हिलाच्या गाडीच्या त्या अंगाला पहाटेपर्यंत लख्ख उजेड होता. आणि चोर आला नाही.

उजेडाला कोण भितं?

४

"उंदीर वीज खात नाहीत," आर्व्हिला म्हणाली. ती गॅसवर लेफ्से भाजत होती. हे लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या. तिच्या आजोळी नॉर्वेतून आलेल्या, आणि आज बहुधा शेवटच्या म्हणून डब्यात भरपूर घातलेल्या. "वायर खातात. आणि वायर कुणी खाल्लेली नाही, ड्वेन म्हणाला."

"तू गाडीखाली माळ केव्हा लावलीस?"

"मी? छे! हार्लन असता तर घराबाहेर काढलं असतं मला." तिनं पोळी उलटली. "आम्ही इथं आलोच अंधारासाठी. दुर्बीण घेऊन बसायचा तो. म्हणायचा, गाडीखाली रोषणाई नको. जोलीन नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला आली होती, तेव्हा तीही याच्यावरून भांडली. उंदरांचं कुठंतरी वाचून आली होती. मी म्हटलं, या गाडीखाली दिवा लागणार नाही, विषय संपला. तीन दिवस राहिली, त्यातले दोन गाल फुगवून."

"तू बसतेस का अजून बाहेर रात्री?"

आर्व्हिला तव्यावरचं पीठ झटकायला लागली. साडेपाचला दार लावायचं, सूप प्यायचं आणि आठला यंत्र लावून निजायचं, असा तिचा क्रम नवरा गेल्यापासूनचा, दोन वर्षांचा. दुर्बीण पलंगाखाली होती. ओलेटाला वाईट वाटलं आणि आपण हे विचारलं याचाही राग आला.

विषय बदलायला ती इकडेतिकडे बघू लागली. दाराशेजारच्या भिंतीवर एक चौकट होती, तिच्यावर निळ्या चौकटीचं चहाचं फडकं अडकवलेलं. "हे काय?"

"हार्लनचं मीटर. आत्ता किती वीज जातेय ते दाखवतं म्हणे. रात्री निळं चमकतं, डोळ्यांत जातं, म्हणून झाकलंय. ते आकडे त्यालाच कळायचे. मला फक्त घंटी कळते."

मीटरवर फडकं! ओलेटा ते ओढून काढायला पुढं सरकली. पण दुपारचे तीन वाजले होते, वर ऊन रणरणत होतं, अन् दिवसा सगळं ठणठणीत असतं हे ड्वेननं चार वेळा मोजून सांगितलं होतं. तिनं फडक्याला हात लावला नाही. एक गरम लेफ्सा साखर भुरभुरून घेतला आणि बाहेर येऊन खुर्चीत बसली.

वही उघडली. सगळेजण एकाच प्रश्नाला चिकटले होते : सोमवारी काय घडलं? सोमवारच्या आदल्या दिवशी मार्सेल आला, म्हणून मार्सेल चोर. पण मीटर वाचणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक होती. पिंपाला भोक पडतं त्या दिवशी पिंप रिकामं होत नाही. डिसेंबरचा दिवस छोटा. रात्री गेलेलं पुरतं भरून येत नाही. थोडं आज कमी, थोडं उद्या कमी, आणि मग एका पहाटे तळ लागतो. तेव्हा भोक सोमवारी पडलेलंच नव्हतं. ते निदान आठदहा दिवस आधी पडलं होतं, आणि तेव्हा मार्सेल अजून वाटेवर होता.

आणि गुरुवारी भोक एका रात्रीपुरतं बुजलं. म्हणून तर शनिवारी घंटी चारला वाजायच्या ऐवजी सहाला वाजली! वाचलेली वीज दोन तास जास्त पुरली.

दिवसा झोपणारी, उजेडात झोपणारी आणि अंधार पडला की जागी होणारी अशी कुठली गोष्ट आहे?

ओलेटानं लेफ्स्याचा शेवटचा घास तोंडात टाकला आणि सहज पान मागं उलटलं. तिथं तिच्याच अक्षरात ड्वेनचं वाक्य होतं : 'सातच्या सात गाड्या खालून उजळतात.'

तिनं त्या 'सात'खाली रेघ ओढली. आर्व्हिलाच्या गाडीखाली दिवा नव्हता, तर उजळायला हव्यात सहा.

५

सूर्य मावळला तेव्हा ओलेटा आर्व्हिलाच्या गाडीमागं वाळूवर पोटावर पडलेली होती. एकाहत्तराव्या वर्षी ही बसायची पद्धत नव्हे, हे तिचे गुडघे तिला सांगत होते. शेजारी ड्वेन टॉर्च घेऊन ओणवा. मार्सेलला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो पाव घेऊन आला होता.

"आर्व्हिला," ओलेटानं खिडकीखालून हाक मारली, "ते फडकं काढ. आणि आकडा वाच."

आतून खुडबूड ऐकू आली. "तीन. म्हणजे यंत्र मी आत्ताच लावून बघितलंय, तू म्हणालीस तसं. तीन."

"बघत राहा."

आभाळ जांभळं झालं, मग करडं. एकेका गाडीखाली पांढरे दिवे लागायला लागले. ड्वेनची माळ लागली, मग पलीकडची. आणि मग ओलेटाच्या नाकासमोर, आर्व्हिलाच्या गाडीच्या पोटाखाली, कसलाही आवाज न करता एक माळ पेटली. बाकीच्यांसारखी पांढरी नव्हे, पिवळी. जाड, जुन्या पद्धतीची, हात लावला तर चटका बसेल अशी.

"अकरा!" आतून आर्व्हिला ओरडली. "ओलेटा, आकडा अकरा झाला! मी काही लावलं नाहीये!"

ड्वेननं कपाळाला हात मारला. "मी रोज फेरी मारतो! रोज बघतो! मला वाटलं, हिनंच लावलीय." तो पुढं सरकला आणि गाडीच्या बाहेरच्या झाकणाआड बोट घालून म्हणाला, "हा बघा प्लग. आणि मधे हा डोळा. रस्त्याच्या खांबावर असतो तसा. अंधार पडला की चालू, उजेड पडला की बंद. दुपारी बाराला मी काय मोजणार, कप्पाळ? आणि माळ जुन्या दिव्यांची. माझ्या माळेसारख्या आठ माळा जळतील एवढी वीज ही एकटी खाते."

"आणि गुरुवारी माझा दिवा थेट या डोळ्यावर होता," मार्सेल म्हणाला. "त्याला वाटलं, दिवसच आहे!"

"म्हणजे बावळटपणा करून तुम्ही तिला एक रात्र झोपू दिलंत," ड्वेन म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेलं हे मार्सेलविषयीचं पहिलं बरं वाक्य.

ओलेटानं प्लग ओढला. अंधार झाला.

"तीन!" आतून आवाज आला. मग थोडं थांबून, वेगळ्याच सुरात : "ओलेटा, इथं चौकटीखाली चिठ्ठी आहे. हार्लनच्या हातची. फडक्याखाली होती. लिहिलंय, 'निजताना ३. जास्त दिसलं, तर काहीतरी जागं राहिलंय. शोध.'"

मार्सेलनं कानातलं यंत्र उगाच पुन्हा बसवलं.

ओलेटा माळ सोडवायला लागली. माळ लोखंडी पट्टीला जिथं जिथं घासली असती, तिथं तिथं कुणीतरी खाली लोकरीचा तुकडा घालून ती बांधली होती. तिनं एक तुकडा उजेडात धरला. लाल लोकर, त्यावर पांढरी आठ पाकळ्यांची चांदणी. कापलेला मोजा होता. असे मोजे या वाळवंटात एकटी आर्व्हिला विणत होती, आणि तेही फक्त जोलीनसाठी.

ड्वेननंही ते ओळखलं. "पोरगी!" तो दात आवळून म्हणाला. "तुम्ही दोघी पाणी भरायला गावात गेला होतात तो दिवस! ती मागं राहिली होती, भांडी घासते म्हणून. आईला इथून हलवायचं म्हणून मुद्दाम बॅटरी मारली. दोन तिकिटं! काय पण डाव."

खिडकी उघडली. "काय सापडलं?" आर्व्हिलानं विचारलं.

ओलेटानं मोज्याचा तुकडा मुठीत घट्ट धरला. "एक माळ," ती म्हणाली. "बाकीचं उद्या सांगते."

"तू माझ्यापासून कधी काही लपवत नाहीस."

"म्हणूनच उद्या सांगते. तू आज नीट झोप."

६

रविवारी पहाटे चारला घंटी वाजली नाही. सहालाही नाही. आठ वाजता आर्व्हिला कानात मोती घालून दारात आली आणि म्हणाली की आपण पडल्या पडल्या सरळ सकाळ बघितली. ओलेटाच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला. उरलेला अर्धा दुपारी भाड्याच्या गाडीतून यायचा होता.

ड्वेनच्या मते निकाल लागलेला होता. ओलेटाला मात्र तो मोजा पटत नव्हता. ज्याला बॅटरी मारायची आहे, तो वायर घासू नये म्हणून स्वतःचे मोजे कापेल का? पण मोजा हा आकडा नव्हे. त्यावरून मुलीला निर्दोष ठरवायची तिची तयारी नव्हती, आणि आईला चुकीचं सांगायची तर त्याहून नव्हती.

एक वाजता धुरळा उडाला. जोलीन उतरली. पन्नाशीची, उंच, विमानातला चुरगळलेला कोट घातलेली. सगळे कॉफी घेऊन खुर्च्यांत बसलेले. ती आईकडे निघाली आणि मधेच वाकली. गाडीखाली पाहिलं. मग गुडघ्यांवरच बसली.

"आई! माळ कुठं गेली?" ती कळवळून म्हणाली. "कुणी काढली माळ? आता उंदीर शिरतील ना! आधीच बॅटरी धड नाही, त्यात वायरी खाल्ल्या म्हणजे!"

ओलेटानं ड्वेनकडे पाहिलं. ड्वेननं कॉफीत पाहिलं. अपराधी माणूस आपलं हत्यार कुठं गेलं म्हणून चारचौघांत विचारत नसतो.

"जोलीन, बस इथं," ओलेटा म्हणाली आणि मोज्याचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. "तुझ्या घरी भिंतीत प्लग घातला की काय होतं?"

"काय होतं म्हणजे? लागतं ते."

"आणि वीज केव्हा संपते?"

"भिंत कधी संपते का, मावशी?"

"इथं संपते. इथं भिंतीमागं उन्हाचं एक पिंप आहे. तुझी माळ दोन आठवडे त्याला तोंड लावून होती. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत." ओलेटानं वही उघडली आणि सगळं सांगितलं. पिंपाचं भोक, गुरुवारचा दिवा, सातवी गाडी, तीन आणि अकरा. आवाज न चढवता, मीटर वाचावा तसं.

जोलीनचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे आईचा श्वास..." तिनं तळहातावरच्या मोज्याकडे पाहिलं. "मीच? मी रात्र रात्र तिकडे जागी, की बॅटरीला झालं काय. आणि मीच?"

"मी नको म्हटलं होतं," आर्व्हिला म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता आणि तो रागानंच. "माझ्या पाठीमागं, माझ्या घराखाली, चोरासारखी शिरलीस!"

"हो. शिरले." जोलीननं डोळे पुसले. "तू ऐकत नाहीस ना. काहीच घेत नाहीस. आमच्या ओसरीवरची माळ होती ती, आई. बाबा दर नाताळला लावायचे ती. मला वाटलं, मी नाही तर निदान बाबांचं काहीतरी तुझी राखण करेल."

आर्व्हिला उठली. खुर्चीमागं माळ गुंडाळून ठेवली होती. तिनं ती उचलली आणि एक पिवळा दिवा अंगठ्यानं पुसून पाहिला. त्याच्या तळाशी चिकटपट्टीचा जुना तुकडा होता. हार्लनची दुरुस्ती. ती पुन्हा खाली बसली, ती मुलीच्या शेजारी.

"तो असता तर पहिल्या रात्रीच आकडा बघून तुझा कान पिळला असता," ती म्हणाली. "मी फडकं घालून बसले. दोघींची मिळून चोरी आहे ही."

"माझीही थोडी," ड्वेन पुटपुटला. "रोजची फेरी."

"पण उद्या दुसरं काही बिघडलं तर?" जोलीननं विचारलं. तिच्या पर्समधून तिकिटांच्या घड्या डोकावत होत्या. "आई, मला भीती वाटते गं."

"मलाही वाटत होती. काल आकडा वाचला आणि कमी झाली." आर्व्हिलानं चहाचं फडकं खिशातून काढून मुलीच्या हातात दिलं. "याच्यानं आता भांडी पुसायची. मीटर उघडं राहील. रोज निजताना मी तुला आकडा कळवीन. तीनपेक्षा जास्त दिसला, तर ये विमान पकडून, मी स्वतः बॅग भरून दारात बसेन. कबूल?"

जोलीननं आईला निरखून पाहिलं. आज ती आठ तास झोपलेली बाई होती, हे दिसत होतं. मग तिनं एक तिकीट फाडलं. दुसरं मागच्या खिशात घातलं आणि म्हणाली, "मी गुरुवारी जाईन. तोवर मलाही वाचायला शिकव."

मार्सेलनं पाव कापला. ड्वेननं न विचारता दोन तुकडे घेतले. आर्व्हिलाची जागा पुढच्या वर्षीही आर्व्हिलाचीच राहणार हे त्यानं तोंड भरलेलं असतानाच मान्य केलं.

रात्री आठला जोलीन मीटरसमोर उभी राहिली. आईचं यंत्र उशाशी गुणगुणत होतं. बाहेर ड्वेन रिंगणात फिरून सांगत होता की दहा मिनिटं सगळ्यांनी खालच्या माळा बंद करा, उंदरांशी मी बोलतो. एकेक गाडी विझत गेली.

जोलीननं चिठ्ठी वाचली, मग आकडा. "तीन," ती म्हणाली. "काही जागं नाही, आई. सगळं झोपलंय."

आर्व्हिलानं यंत्र बंद केलं, कोट चढवला आणि वाकून पलंगाखालून दुर्बीण ओढली.

"मग चल बाहेर," ती म्हणाली. "आपण जागू."